प्रोबायोटिक्सच्या चाचण्या नीट पारखून घ्या : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. आयबीएसचा, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्याच्या जुनाट विकाराचा रुग्ण तपासण्यांना कंटाळून मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूल आणतो आणि महिनोन्महिने घेत राहतो. त्या कॅप्सूलमागची चाचणी कितपत भरवशाची, हे त्याने कसं ओळखावं? अन्नसुरक्षा प्राधिकरण, औषध नियंत्रण आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) या तिन्ही संस्था आपल्याच मंत्रालयाच्या कक्षेत येतात, म्हणून आपल्याला लिहितो आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो.

२०२३ मध्ये या विषयावरच्या ८२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. सगळ्या निकषांवर पक्षपाताचा, म्हणजे निकाल एका बाजूला झुकण्याचा धोका कमी होता, अशा चाचण्या निघाल्या फक्त २४. त्याआधीच, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आयबीएससाठी प्रोबायोटिक्स केवळ चाचणीचा भाग म्हणूनच द्यावीत, असं सांगितलं होतं.

या आजारात ढिसाळ चाचणी फार लवकर फसवते. इथे रक्त तपासून सुधारणा मोजता येत नाही. रुग्ण सांगेल तेच मोजमाप. त्रास शिगेला पोचला की माणूस चाचणीत दाखल होतो, आणि तो त्रास काही दिवसांत पुष्कळदा आपोआपच ओसरतो. नुसत्या प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीनेही दहांपैकी सुमारे चार जणांना बरं वाटतं. अशा वेळी कुणाला काय दिलं हे रुग्णाला किंवा डॉक्टरला कळलं, मधेच सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळलं, किंवा चार आठवड्यांत गाशा गुंडाळला, तर निकाल कितीही गोजिरा दिसो, मी तो ग्राह्य धरणार नाही.

दुसरा घोळ स्ट्रेनचा, म्हणजे एकाच जिवाणूच्या वेगवेगळ्या वाणांचा. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, म्हणून हापूसचा भाव रायवळाला मिळत नाही. पण एका स्ट्रेनवरचा अभ्यास दाखवून दुसराच स्ट्रेन विकता येतो. मात्रेचंही तसंच. २००६ मध्ये ३६२ महिलांवर बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस ३५६२४ या स्ट्रेनच्या तीन मात्रा तपासल्या. गुण आला तो मधल्या मात्रेने. सर्वांत मोठ्या मात्रेची भुकटी ओल लागताच घट्ट गोळा होत होती, त्यामुळे जिवाणू मोकळे होतच नव्हते. कॅप्सूल पोटात विरघळते का, एवढी साधी गोष्टही आधी तपासावी लागते. आणि नागपूरच्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या डबीत जिवंत जिवाणू किती उरतात, याचं उत्तर कोण देणार?

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्येच प्रोबायोटिक अन्नासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेबलवर स्ट्रेनचं नाव आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवाणूंची संख्या हवी, असं त्यांत आहे. आता पुढचं पाऊल उचला. आयबीएसवर गुणकारी असल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक उत्पादनाला त्याच स्ट्रेनची, त्याच मात्रेची, किमान बारा आठवड्यांची चाचणी सक्तीची करा. मग ते अन्न म्हणून विकलं जावो की औषध म्हणून. चाचणीचा मुख्य निकष आधीच सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवलेला असावा आणि तो नोंदणी क्रमांक डबीवर छापावा. निकाल प्रतिकूल आला तरी वर्षभरात जाहीर व्हावा. हे जमत नसेल, त्या डबीवरून आयबीएसचा उल्लेख काढायला लावा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, पुणे