बोके संचातली चुकीची मापे आणि उलटा उमटणारा ॐ: तक्रार पत्र

फोंडा, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बोके चकत्यांचा संच बनवणारी व विकणारी कंपनी

विषय: बारा चकत्यांच्या बोके संचाची सदोष मापे व दिशाभूल करणारे माहितीपत्रक, पैसे परत मिळणे आणि संचात दुरुस्ती होणे याबाबत

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

तुमच्या संकेतस्थळावरून आम्ही फोंडा आणि डिचोली तालुक्यांत लग्नाचे, जत्रेचे फोटो काढणाऱ्यांनी मिळून सहा बोके संच मागवले, प्रत्येकी १,२९९ रुपयांना. लेन्ससमोर आकार कापलेली चकती लावली की फोटोत मागचे फोकसबाहेरचे दिवे (त्यांच्या अशा पसरण्यालाच बोके म्हणतात) त्या आकारात उमटावेत, यासाठी हा संच असतो. सहाही संचांची मापे कॅलिपरने घेतली. ५० मिमी एफ/१.८, ८५ मिमी एफ/१.८ आणि कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी अशा तीन लेन्सवर चकत्या लावून पाहिल्या. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे करत गेले तर खोक्यावरच्या चित्रासारखा फोटो एकाही संचातून येत नाही. एखादा नग खराब निघाला असता तर बदलून मागितला असता. इथे सहाही संचांत तेच दोष आहेत, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

सर्वांत गंभीर चूक पत्रकातल्या तिसऱ्या सूचनेत आहे: 'चकती बसवून अपर्चर एफ/८ वर ठेवा, आकार ठळक येतील.' घडते नेमके उलट. अपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, आणि एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान. फोकसबाहेरच्या दिव्याचा ठिपका सेन्सरवर पसरतो तो प्रकाश ज्या छिद्रातून आत आला त्या छिद्राचा आकार घेऊन. समोरून लेन्समध्ये पाहिल्यावर हे छिद्र जेवढे दिसते तो त्याचा व्यास, आणि तो काढायला फोकल लेंग्थला (लेन्सच्या नावातल्या मिमीच्या आकड्याला) एफच्या आकड्याने भागायचे. ५० मिमीच्या लेन्सला एफ/१.८ वर २७.८ मिमी, एफ/२.८ वर १७.९ मिमी आणि एफ/८ वर फक्त ६.२५ मिमी. तुमच्या चकतीतला तारा पाचही टोकांवरून जाणाऱ्या वर्तुळाने मोजला तर २४ मिमी भरतो. त्याच्या खाचांच्या आतला मधला भागच ९ मिमीहून थोडा मोठा आहे. म्हणजे एफ/८ चे छिद्र ताऱ्याच्या पोटात पूर्ण मावते आणि ताऱ्याची कड प्रकाशाच्या वाटेत कुठेच येत नाही. फोटोत उमटतो तो लेन्सच्या स्वतःच्या ब्लेडचा (छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांचा) आकार: सात ब्लेडच्या लेन्सवर सप्तकोन, जुन्या पाच ब्लेडच्या ५० मिमीवर पंचकोन. नवा माणूस हे पाहून आपली लेन्स किंवा आपला हात वाईट असे समजतो. सूचना हवी ती अशी: अपर्चर पूर्ण उघडे ठेवा आणि तिथून हलवू नका. ऑटो किंवा 'पी' मोडमध्ये कॅमेरा आपणहून छिद्र लहान करतो, त्यामुळे 'ए' (अपर्चर आपण ठरवतो तो) किंवा मॅन्युअल मोडच घ्या, हेही पत्रकात ठळक छापले पाहिजे.

आता मापाबद्दल. २४ मिमीचा तारा ५० मिमी एफ/१.८ वर छिद्र पूर्ण उघडले तरी जेमतेम बसतो. प्रत्येक बाजूला उरते ती १.९ मिमीची कड. एफ/२.२ वर आलात की छिद्र २२.७ मिमी होते आणि पाचही टोके कापली जातात. त्यात भर तुमच्या अडकवायच्या रिंगची. ही रिंग चकतीला फिल्टरच्या आट्यांपासून २५ मिमी पुढे धरते. फ्रेमच्या कडेचा प्रकाश लेन्समध्ये तिरका शिरतो. क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर ५० मिमीला आडव्या कडेपाशी हा तिरकेपणा सुमारे १३ अंश असतो, म्हणजे २५ मिमी अंतरावर चकतीचा आकार छिद्राच्या मानाने जवळजवळ ६ मिमी सरकतो. फुल फ्रेमवर ९ मिमी. लेन्सचे छिद्र काचेच्या मागे आत असते, ते अंतर यात धरलेलेही नाही. कड १.९ मिमीची आणि सरकणे ६ मिमीचे, मग मधले तारे बरे दिसतात, कडेचे एका बाजूने छाटलेले, आणि चौकटीचे कोपरे काळवंडतात.

तुमचीच ८५ मिमीसाठीची शिफारस मात्र योग्य आहे, तीही नोंदवतो. तिथे छिद्र ४७ मिमीचे असते, २४ मिमीचा आकार मोकळा बसतो आणि दृश्यकोन अरुंद असल्याने सरकणेही कमी. मग संचात मापांचे दोन गट का ठेवले नाहीत? आम्ही साध्या काळ्या मॅट कार्डपेपरवर १५ मिमीचा तारा कापून तो ५० मिमीच्या पुढच्या काचेजवळ, काचेला न टेकवता, फिल्टरच्या चौकटीत बसवला. चौकटीच्या कडेपर्यंत पाचही टोके शाबूत येतात. छिद्राच्या व्यासाच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंतचा आकार ५० मिमीला सुरक्षित ठरतो.

'कोणत्याही लेन्सवर चालतो' हे खोक्यावरचे वाक्य काढून टाकावे लागेल. १८-५५ मिमी लेन्सला १८ मिमी एफ/३.५ वर छिद्र ५.१ मिमीचे, आणि ५५ मिमी एफ/५.६ वर ९.८ मिमीचे. दोन्हीकडे तुमच्या चकतीतून ठिपके जवळजवळ गोलच दिसतात. ही लेन्स अगदीच निरुपयोगी नाही: ५५ मिमीवर ६ मिमीची चकती लावून अर्ध्या मीटरवरच्या पणतीवर फोकस केला तर मागच्या दिव्यांचे ओळखू येतील असे तारे मिळतात. पण ६ मिमीची एकही चकती संचात नाही. नवशिक्यांकडे बहुतेक हीच लेन्स असते, आणि तुमची जाहिरात नवशिक्यांसाठीच आहे.

ॐ च्या चकतीबद्दल आम्हाला विशेष वाईट वाटले. पत्रक म्हणते, अक्षर लेन्ससमोर उभे राहून सरळ वाचता आले पाहिजे. फोकसच्या मागच्या दिव्यांची किरणे सेन्सरला पोहोचण्याआधी एकमेकांना छेदतात, आणि सेन्सरवरची प्रतिमा मुळात उलटीच असते. दोन उलट मिळून चकतीचा आकार फोटोत तसाच दिसतो जसा तो कॅमेऱ्याच्या मागून पाहताना दिसेल. म्हणून अक्षर फोटोग्राफरच्या बाजूने सरळ वाचता आले पाहिजे. तुमच्या सूचनेप्रमाणे लावले की ॐ आरशातल्यासारखा उमटतो. ग्राहकाने चूक ओळखून चकती उलटी लावावी म्हटले तर तेही शक्य नाही, कारण कडेला दिलेली खूण रिंगच्या खाचेत एकाच बाजूने बसते. चवथीच्या आरतीच्या फोटोत मागे पंधरा-वीस उलटे ॐ दिसले, तर तो फोटो घरच्यांना द्यायचा तरी कसा? खूण दोन्ही बाजूंनी बसेल अशी करा. विषयाच्या पुढे असलेल्या दिव्यांत आकार डोक्यावर उभा राहतो, हेही लिहा, म्हणजे पुढची समई चौकटीत घ्यायची की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

'व' ची चकती तर कारखान्यातच वाया गेली आहे. अक्षराच्या पोटातला तुकडा धरून ठेवायला पूल ठेवलेला नाही, तो कापताना गळून पडला आणि अक्षराऐवजी दांड्याला चिकटलेला गोळा उरला. बंद पोट असलेल्या प्रत्येक अक्षराला दीड-दोन मिमीचे दोन पूल ठेवावे लागतात. ब्लरमध्ये ते फारसे डोळ्यांत भरत नाहीत. बर्फफुलाच्या चकतीचे फाटे मात्र १ मिमीहूनही बारीक आहेत. एवढ्या अरुंद फटीतून जाताना प्रकाश पसरतो आणि कडा मऊ पडतात. शिवाय कापताना राहिलेला प्लास्टिकचा काटा प्रत्येक ठिपक्यात तसाच उमटतो.

पत्रकात दिलेली अंतरे: विषय ३ मीटरवर, दिवे त्याच्या मागे १ मीटर. तुमचीच २४ मिमीची चकती धरून हिशेब करा. २४ मेगापिक्सलच्या क्रॉप कॅमेऱ्यात ५० मिमीवर तारा सेन्सरवर सुमारे ०.१ मिमीचा, म्हणजे २६ पिक्सलचा पडतो. सहा हजार पिक्सल रुंदीच्या फोटोत तो फक्त ठिपका दिसतो. विषय १ मीटरवर घ्या आणि दिवे १० मीटरवर, तोच तारा २९० पिक्सलचा होतो. लहान खोलीतही जमते: माटोळीतले (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडणीतले) एखादे फळ ६० सेंटीमीटरवरून फोकस करा, एलईडीच्या माळा कॅमेऱ्यापासून २.४ मीटरवर भिंतीवर सोडा, १५ मिमीच्या चकतीनेही तारा सुमारे २६० पिक्सलचा येतो. विषयाच्या जवळ जाणे हाच यातला मोठा भाग आहे आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

दिवा कसा हवा, हेही सांगितलेले नाही. खोक्यावर आकाशकंदिलाच्या मागे बदाम दाखवले आहेत. ६० सेंटीमीटरचा आकाशकंदील किंवा नाताळचा कागदी तारा १० मीटरवर असला तर त्याची स्वतःची प्रतिमाच सेन्सरवर ३ मिमीहून मोठी पडते, १५ मिमीच्या चकतीतून पडणारा ०.७ मिमीचा बदाम तिच्यात विरून जातो. आकार उमटवायला बिंदूएवढा दिवा लागतो. तोरणातली ५ मिमीची एलईडी, मंगेशीच्या दीपमाळेवरच्या पणत्या, बेतीच्या धक्क्यावरून मांडवीपलीकडे दिसणारे पणजीचे दिवे, त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सोडलेल्या होड्यांवरचे दिवे. गोव्यात अशा जागांना तोटा नाही, तुमच्या संचाला इथे चांगले गिऱ्हाईक मिळाले असते.

'प्रकाश कमी होत नाही' हेही खरे नाही. १५ मिमीचा तारा ५० मिमी एफ/१.८ च्या छिद्रापैकी फक्त दहावा भाग मोकळा ठेवतो. १/४०० चा शटर १/४० वर येतो, नाहीतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० वरून ४००० करावा लागतो. डीएसएलआरचा ऑटोफोकस छिद्राच्या ज्या भागांतून पाहतो तेच ताऱ्याच्या खाचांनी झाकले जातात, त्यामुळे तो मागेपुढे हिंदकळत राहतो. आधी चकतीशिवाय फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, मग चकती लावा, असे छापा.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. मोबाइलचा टॉर्च चकतीमागे धरला की उजेड आरपार दिसतो. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती फिकट गोल पडतो आणि काळे रंग राखाडी होतात. मागची बाजू चकचकीत असल्याने काचेचे प्रतिबिंब परत लेन्समध्ये जाते. दुहेरी टेप आमच्या दमट हवेत आठवड्यात सुटते. खोक्यावर कबूल केलेली ४९ ते ५८ मिमीची जोडरिंग सहापैकी एकाही संचात नव्हती. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ एसटीएमला ४९ मिमीचे आटे असतात, निकॉनच्या ५० मिमी एफ/१.८ जी ला ५८ मिमीचे. म्हणजे जोडरिंगशिवाय पहिली लेन्स असलेल्यांना रिंग बसवताच येत नाही.

आमच्या मागण्या अशा. सहा संचांचे ७,७९४ रुपये आणि परत पाठवण्याचा खर्च द्यावा. सदोष माहितीपत्रक मागे घेऊन दुरुस्त केलेले मराठीतही द्यावे आणि याआधी संच घेतलेल्या सर्वांना ते पाठवावे. ॐ ची चकती विक्रीतून ताबडतोब थांबवावी. दिवाळी आणि त्रिपुरारीसाठी लोक आताच मागणी नोंदवतात. 'कोणत्याही लेन्सवर' हे शब्द संकेतस्थळावरून काढावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(२८) च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येचा आधार घेऊन आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. मापांबद्दल तुमच्या तंत्रज्ञांना आमच्याशी बोलायचे असेल तर आम्ही तयार आहोत. लेन्स, कॅलिपर आणि दिव्यांची माळ घेऊन बसू.

आपले,
फोंडा व डिचोली तालुक्यांतले सहा ग्राहक

सोबत:
सहा पावत्यांच्या प्रती
चकत्यांच्या मापांचा तक्ता
तीन लेन्सवरचे अठरा फोटो, प्रत्येकावर अपर्चर व अंतर लिहिलेले
कार्डपेपरवर कापलेला १५ मिमीचा तारा, नमुन्यादाखल