उपसरपंचाचं नाव मतदानाआधी सांगा

मा. संपादक, स.न.वि.वि.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवारासोबत उपाध्यक्षाचं नावपण मतदानाआधीच जाहीर होतं, मतपत्रिकेवर दोघांची जोडीच असते. मग टीव्हीवर हिशोब सुरू, हा अमक्या राज्याचा म्हणजे तिकडची मतं पक्की. मला हे पटत नाही. १९८८ ला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांनी टेक्सासचे लॉइड बेंटसन यांना जोडीला घेतलं, बेंटसन त्याच मतदानात सिनेटलापण (तिथलं वरिष्ठ सभागृह) उभे होते, टेक्सासवाल्यांनी त्यांना सिनेटवर निवडून दिलं आणि राष्ट्राध्यक्षाची मतं मात्र समोरच्या बुशना दिली! २०१२ ला उमेदवार रोमनींसोबत पॉल रायन होते, रायन यांचं राज्य विस्कॉन्सिनपण हातचं गेलं. १९६० ला जोडीदार टेक्सासचे जॉन्सन, त्यांच्यामुळे केनेडींना टेक्सास मिळालं म्हणतात, ते असेलही, फरक ४६ हजारांच्या आसपासच होता.

खरं तर जोडीदारावरून मुख्य उमेदवाराची पारख कळते. २००८ ला उमेदवार मॅकेन ७२ वर्षांचे, त्यांनी अलास्का राज्याच्या नवख्या गव्हर्नर सारा पेलिनना घेतलं, आधी सभांना तुफान गर्दी, मग टीव्हीवरच्या मुलाखतीत साध्या प्रश्नांची उत्तरं जमेनात आणि कुंपणावरचे लोक विचारात पडले की यांचं काही बरंवाईट झालं तर देश हिच्या हातात द्यायचा का. ते हरले मुख्यतः मंदीमुळे हे मान्य, पण अनुभवाच्या नावावर मतं मागत होते, तो मुद्दाच बोथट झाला. आणि ही भीती उगाच नाही, केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सनच राष्ट्राध्यक्ष झाले ना.

आता आपल्याकडे बघा. सरपंच थेट जनतेतून, पण उपसरपंच निकालानंतर पहिल्या बैठकीत ठरतो. आमच्या गावात पॅनलवाले सकाळी वरच्या वाडीत सांगून गेले, उपसरपंच तुमचाच, पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) काम पहिलं करू, संध्याकाळी खालच्या वाडीत तेच, फक्त पाखाडीच्या जागी साकव (ओढ्यावरचा छोटा पूल). या शब्दावर चाकरमानी रजा टाकून, रात्रीची गाडी पकडून मतदानाला आले. निकालानंतर उपसरपंच झाला तिसऱ्याच वाडीचा. पुढे सरपंच आजारी पडून मुंबईला गेले आणि सगळा कारभार ह्याच्याकडे आला. एप्रिल-मेमध्ये विहिरींनी तळ गाठला तेव्हा वरच्या वाडीच्या बायका टँकरच्या अर्जावर सही घ्यायला त्याच्या दारात उभ्या, आणि हा म्हणतो उद्या बघू. ज्याच्या हातात गाव जाणार तो कोण हे मत देताना आम्हाला माहीतच नव्हतं, याचा संताप येतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. निवड सदस्यांच्या हातात आहे हे मान्य, पण पॅनल निवडून आलं तर कोणाला पुढे करणार हे पॅनलने आधी सांगायला कोणाची ना नाही. पत्रकावर सरपंचाच्या फोटोशेजारी तोही फोटो छापा, आणि वाडीच्या बैठकीत गावकऱ्यांनी ते नाव सगळ्यांसमोर वदवून घ्यावं. आपल्या तालुका प्रतिनिधींनीही प्रत्येक पॅनलप्रमुखाला हाच प्रश्न विचारून उत्तर नावासकट छापावं ही कळकळीची विनंती.

– एक ग्रामस्थ, ता. राजापूर, जि. रत्नागिरी