आटलेल्या गाईचं बिल निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाभण गाईंच्या खनिज आहारावरचा तुमचा अर्ध्या पानाचा लेख काल वाचला, तेव्हा राग आला. म्हटलं, रागात लिहायचं नाही. आज सकाळच्या धारा उरकून परत वाचला, तरी राग तेवढाच आहे, म्हणून लिहिते.

लेखकांचा अभ्यास दांडगा आहे. जस्त, तांबं, सेलेनियम, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, एकही नाव सुटलेलं नाही. आणि 'शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे' हे शब्द चार वेळा आलेत. मी मोजले.

अज्ञान म्हणाल तर डेअरीच्या भिंतीवरचा तक्ता बघून बघून आम्हाला पाठ झालाय. पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. त्याच काळात आईच्या अंगातलं तांबं त्याच्या यकृतात साठतं. दुधात तांबं नावालाच असतं, त्यामुळे जन्मल्यावर वासरू त्या शिलकीवरच दिवस काढतं. आटलेल्या गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं. हे सगळं आम्हाला कळतं हो.

अडतं कुठं ते सांगते. आमच्याकडे मिश्रणाची पिशवी डेअरीवर उधार मिळते आणि दहा दिवसांच्या बिलातून पैसे कापून घेतात. गाय दुधावर आहे तोवर पिशवी येत राहते. सातवा महिना भरला, गाय आटवली, की तिचं दूध बंद आणि बिल बारीक. मग घरात पहिली कात्री कशाला लागते? आटलेली गाय दावणीच्या टोकाला जाते. पेंड दुभत्या गाईंना, हिला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. त्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि अंगी लागू देत नाही. म्हणजे वरून काही द्यायचं नाही, आणि आहे त्यातलंही जाऊ द्यायचं. बरं, पिशवीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं 'दूध वाढवा'. जी दूधच देत नाही तिच्यासाठी ती पिशवी कोण फोडणार? याला अज्ञान म्हणत नाहीत, हिशोब म्हणतात. चुकलेला असेल, पण हिशोबच.

मीही तोच केला. गेल्या जूनमध्ये शाळेची फी, बियाणं सगळं एकदमच आलं, आणि दुसऱ्या वेताची आमची गाय त्याच वेळी आटलेली. दोन महिने मिश्रण बंद. ऑगस्टमध्ये रात्री अडीचला व्याली. कालवड झाली, घरात सगळे खूश. पण जार, म्हणजे वार, पडेना.

आमच्या घरी रीत अशी, की जार पडल्याशिवाय वासराला चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पाजायचा नाही. कासेला हात लावला तर जार वर चढतो म्हणे. सासूबाई पहाटेच गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. सकाळ झाली, दुपार झाली. कालवड उठायची, धडपडायची, कासेकडे जायची आणि मी तिला मागे ओढायची. शेवटी ती माझ्या पदराचं टोक तोंडात धरून चोखत बसली. तो पदर मी अजून नेसते, म्हणून विसरता येत नाही.

संध्याकाळी पाचला डॉक्टर आले आणि आधी मलाच बोलले. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की जार अडकायची शक्यता वाढते, म्हणाले. वर सांगितलं, की माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती पोटातच मिळते, गाईच्या वासराला मिळत नाही. त्याला जे मिळतं ते चिकातूनच. आणि ते आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या काही तासांतच अरुंद व्हायला लागते, 24 तासांत बंद होते. तीस किलोच्या वासराला एक-दोन तासांच्या आत 3 लिटर चीक जायला हवा होता. शिवाय वासरू प्यायला लागलं की जार सुटायला मदतच होते. आमच्या कालवडीला पहिला घोट मिळाला तो पंधरा तासांनी. चौथ्या दिवशी पांढरी हगवण लागली, सहाव्या दिवशी कालवड गेली.

तुमच्या लेखात खनिजं एका चौकटीत आणि चीक दुसऱ्या चौकटीत आहे. पिशवी बंद झाली म्हणून जार अडकला असेल, आणि जार अडकला म्हणून चीक थांबला, हे लेखात कुठं बसतं तेवढं सांगा.

आणखी एक. 'शेवटच्या महिन्यात भरपूर कॅल्शियम पाजावे' असं लेखात आहे. आमचे डॉक्टर नेमकं उलटं सांगतात. शेवटचे दोन-तीन आठवडे बाहेरून कॅल्शियमचा मारा केला, तर हाडांतलं कॅल्शियम काढायची अंगाची सवय सुस्तावते. व्यायल्यावर कास एकदम भरते, कॅल्शियम तिकडं ओढलं जातं आणि गाय बसते. दुग्धज्वर म्हणतात तो हाच. खुलासा छापाल का? लोक पेपर वाचून बाटल्या आणतात.

लेखातल्या फोटोत फेटा बांधलेले एक गृहस्थ गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. शेण काढताना कुणाचा फोटो मिळाला नाही वाटतं.

आता राहवत नाही म्हणून लिहिते. त्याच अंकाच्या पुरवणीत खरवसाची कृती आहे. 'पहिल्या दिवसाचा चीक मिळाल्यास उत्तम, वडी घट्ट होते.' होणारच घट्ट! जी प्रथिनं वडी घट्ट करतात, त्यांतच वासराची प्रतिकारशक्ती असते. त्या दिवशी कालवड उपाशी होती आणि माझ्या दारात शेजारची दोन पातेली झाकणासकट येऊन बसली होती. खरवसाला माझा विरोध नाही, मीही खाते. वासराचं पोट भरून उरलेला चीक घ्या, तिसऱ्या दिवसाचा घ्या. वडी जरा मऊ होते, पण गूळ-वेलदोडा नीट पडला तर कुणी नाव ठेवत नाही.

60 दिवस, रोज 50 ग्रॅम, म्हणजे 3 किलो. एवढ्याचाच सगळा प्रश्न आहे. पुढचा लेख लिहिण्याआधी तुमच्या तज्ज्ञांनी डेअरीवाल्यांना एकच विचारावं, की या 3 किलोचे पैसे गाय व्यायल्यावरच्या बिलातून कापता येतील का? 'अज्ञाना'बद्दल नंतर बोलू.

आपली,
एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली

ता. क. नाव छापू नये. सासूबाई रोज पेपर वाचतात, आणि या महिन्याच्या अखेरीस दुसरी गाय व्यायची आहे.