चार ओळी तुझ्यासाठी

वेंगुर्ला,
९ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसले की हात पुन्हा सुईकडे जायचा. शिबोरी करतेय गं! बांधणीचंच भावंड, पण यात शिवायचंही असतं. जपानात नागोयातल्या अरिमात्सूला चारशे वर्षांहून जास्त काळ हे काम चालतं. त्यातल्या 'मोकुमे'ने मला वेड लावलंय. मोकुमे म्हणजे लाकडातल्या रेषा. कापडभर ओळीने धावदोरे घालायचे, टोकं मोकळी ठेवायची, मग एकेक ओढून चुण्या घट्ट आवळायच्या. चुणीच्या पोटात रंग शिरत नाही, तिथे पांढरं राहतं. टाका तर आपल्या गोधडीचाच, हाताला शिकवावा लागला नाही.

पहिला तुकडा मात्र वाया गेला. मांजरपाटाची खळ नीट निघाली नव्हती आणि गाठीही सैल राहिल्या. तीन संध्याकाळींचं शिवण उसवलं तर सगळं निळंच निळं. रडू आलं मला. दुसऱ्या खेपेला कापड धुण्याच्या सोड्यात उकळलं, दोरा दुहेरी घेतला आणि गाठ मारताना वहिनीला बोट धरायला बसवलं. दोराही पॉलिस्टरचा घेतला. तो नीळ (इंडिगो) फारशी धरत नाही, त्यामुळे उसवताना डोळ्यांना दिसतो.

नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर, असं गरम पाण्यात कालवून ठेवलं. काही तासांनी वर तांबूस तवंग आला आणि खाली पाणी पिवळट हिरवं झालं. कापड आधी भिजवून अगदी हळू आत सोडायचं, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत, कारण हवा लागली की नीळ पाण्यातच पुन्हा निळी होऊन तळाशी बसते. बाहेर काढलं तेव्हा ते गाठोडं हिरवं होतं. पडवीत धरून उभी होते, आणि माझ्या हातातच चुण्यांच्या कडांवरून निळं होत गेलं. असं पाच वेळा बुडवलं.

उसवलं तर समोर आमच्या माजघराच्या फणसाच्या दाराची फळी! तशाच उभ्या रेषा, आणि वहिनीशी बोलता बोलता टाका लांब गेला होता तिथे फळीतल्या गाठीसारखा डोळा. हात मुद्दाम फिरवूनही तो साधला नसता.

कापड सोबत पाठवतेय. काठाच्या चार ओळी तुझ्यासाठी आवळलेल्याच ठेवल्यात. बारीक टोकाची कात्री घे, गाठीच्या खाली दोरा जरा उचल आणि तेवढाच काप. मग दोन्ही हातांनी कापड ताण.

तुझीच,
मंदा