खाजणे भरली, तर पावसाचे पाणी थांबणार कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूणच्या पुराचा विषय निघाला की चर्चा वाशिष्ठी नदीतल्या गाळावर येऊन थांबते. गाळ काढलाच पाहिजे. त्यासाठी चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण वरच्या अंगाला गाळ उपसला जात असताना खाली खाडीकाठी पाणी थांबण्याच्या जागा, म्हणजे खाजणे (खाडीलगतच्या सखल, खाऱ्या जमिनी), मात्र एकेक करून बुजवल्या जात आहेत. त्याबद्दल लिहायला हवे, म्हणून हे पत्र.

खाडीकाठच्या गावात पाण्याचा निचरा भरती-ओहोटीच्या वेळेनुसार होतो. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराची, झडप मिटते आणि डोंगरातून वहाळ-पऱ्यांनी (ओढ्यांनी) उतरलेले पावसाचे पाणी खारबांधाच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत अडते. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेले पाणी खाडीत जाते. मधले पाच-सहा तास ते पाणी खाजणात आणि मळ्यात पसरून राहते. जुन्या लोकांनी तिथे भात लावला, चढणीचे मासे धरले, पण घरे बांधली ती वर, डोंगराच्या कडेला. पाण्याला थांबायला जागा लागते हे त्यांना ठाऊक होते.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचे दिवस. त्या पुराला अतिवृष्टीसह अनेक कारणे होती आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. पण नदीला पूर आलेला असताना खाडी भरतीने तुंबलेली असेल, तर पाणी मागे सरते आणि सखल जमिनीत शिरते, यात वादाला जागा नाही. ती सखल जमीनच भरावाने उंच झाली, तर तेच पाणी शेजारच्या घरात जाणार.

आमच्या परिसरात आता ठरून गेलेली पद्धत अशी आहे: डोंगर कापायचा, त्याची लाल माती डंपरने आणून खाजणात ओतायची आणि रस्त्याच्या पातळीला प्लॉट तयार करायचा. वहाळ आडवा आला तर त्याच्या जागी सिमेंटचा पाइप टाकायचा. दहा-बारा फूट रुंदीचा वहाळ दोन फुटी पाइपात कोंबल्यावर काय होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. पहिल्याच पावसात पालापाचोळा आणि कापलेल्या डोंगराची माती येऊन पाइप बुजतो. मग पाणी वरच्या मळ्यात तुंबते आणि नुकतीच लावणी झालेला भात कुजतो. विहिरींचेही नुकसान होते, कारण भरावामुळे पाणी खाजणात मुरेनासे होऊन गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारे पाणी आत सरकते. नुकसान होते ते भराव घालणाऱ्याचे नव्हे, वरच्या शेतकऱ्याचे.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. कांदळवनाला, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलाला, तो आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने तो आणखी बळकट झाला. पण खारबांधाच्या आतली जमीन दोन नियमांच्या मधल्या फटीत सापडली आहे. बांध किंवा उघाडी किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 1991 च्या अधिसूचनेपूर्वीची असेल, तर त्या नियमांसाठी धरली जाणारी भरतीरेषा त्या बांधावरच थांबते. आणि पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांनी भातशेती व मिठागरे पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. म्हणजे बांधाबाहेरच्या तिवराला संरक्षण आहे, आणि बांधाच्या आत, जिथे पावसाचे पाणी खरोखर थांबते, तिथे बहुतेक जागी बिनशेती परवाना (शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याची परवानगी) मिळाला की काम भागते. तो परवाना देताना प्लॉटची हद्द तपासली जाते, पाण्याची वाट तपासली जात नाही. पाहणीही बहुधा उन्हाळ्यात होते, जेव्हा वहाळ कोरडा आणि खाजण भेगाळलेले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खाडीकाठच्या सखल जमिनीत भरावाला किंवा बिनशेतीला परवानगी देण्यापूर्वी जागेची पाहणी आषाढ-श्रावणात, उधाणाच्या भरतीला व्हावी, आणि त्या वेळी उघाडी सांभाळणारे शेतकरी हजर असावेत. गावनकाशावर वहाळ दाखवलेला असो वा नसो, प्रत्यक्ष वाहणाऱ्या पाण्याची रुंदी मोजावी आणि पाणी जाण्यासाठीची मोरी त्याहून अरुंद करू देऊ नये. महामार्गाच्या कामालाही हीच अट असावी.

ज्यांचे पाणी आजच अडले आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली शेताच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा अडथळा काढून टाकण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे खेटे घालण्याआधी तो अर्ज करावा, आणि अडथळा उभा राहिल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत खाडीकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या वहाळांची आणि उघाड्यांची यादी ठरावाने नोंदवून घ्यावी, ही गावकऱ्यांना विनंती. जिल्हा प्रशासनाने त्या याद्या मागवून बिनशेतीच्या प्रत्येक प्रकरणाला जोडाव्यात.

आपला,
एक शेतकरी वाचक
दाभोळ खाडीकाठ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी