चापड्याला त्याच्या फांदीवरच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या रविवारच्या पुरवणीत आंबोली, चोर्ला, तिळारीच्या रानातली छायाचित्रं येऊ लागतात आणि त्यांत चापडा हा साप असतोच. कधी हिरवागार, कधी पिवळा, नारिंगी नाहीतर तपकिरी, शेवाळलेल्या दगडावर वेटोळं घालून बसलेला. फोटो देखणे असतात. पण त्यांतले काही कसे काढले जातात हे इथे घाटात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यासाठीच हे पत्र.

गेल्या आषाढात रात्रीच्या फेरीला आलेल्या एका गटाने अंजनीच्या खालच्या फांदीवरचा चापडा हुकाने उचलून दगडावर ठेवला. फांदीआड तो ‘नीट येत नव्हता’. साप दगडावरून उतरू लागला की पुन्हा वर ठेवायचा, असं सगळ्यांचे फोटो होईपर्यंत चाललं. सोबतचा वाटाड्या पाहुण्यांना सांगत होता, “काही होत नाही त्याला, जाईल आपला आपण.”

होतं. कसं होतं ते कळायला हा साप जगतो कसा ते बघायला हवं.

मलबारी चापडा जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. टी. सी. जेर्डन या लष्करी डॉक्टरने १८५४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. घोणस आणि फुरसं त्याच्याच कुळातले, पण ते जमिनीवरचे आणि हा झाडाझुडपांतला. मीटरभराहून लांब चापडा क्वचितच दिसतो. भक्ष्याच्या मागे धावणं त्याच्या स्वभावात नाही. व्हाळाकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, एखाद्या फांदीला शेपटीचा विळखा घालायचा, मान आखडून घ्यायची, तोंड खाली वळवायचं आणि वाट बघायची, हीच त्याची शिकार. जागा बरी असली तर एकच चापडा त्याच फांदीवर दिवसच्या दिवस दिसतो. रोज त्या वाटेने जाणारी माणसं तो आज आहे का, म्हणून आधी तिथेच बघतात.

डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला दोन्ही बाजूंनी एकेक खळगा असतो. भोवतीच्या तापमानातला अगदी बारीक फरक त्या खळग्यांना कळतो. काळोखात जवळून जाणारा उंदीर किंवा घरट्यातलं उबदार पिल्लू त्यांच्यामुळे जाणवतं. बेडूक आणि पाली मात्र थंड रक्ताच्या. ते टिपायला नजर लागते, हालचालीचा अंदाज लागतो आणि मुख्य म्हणजे जागा अचूक लागते. बेडूक येतात-जातात ती फांदी त्याने स्वतः निवडलेली असते. आंबोलीचं नाव मिळालेला झुडपी बेडूक आणि त्याचे भाऊबंद पावसाच्या याच महिन्यांत ओरडत असतात. पर्यटकांचा हंगाम तोच चापड्याचाही हंगाम. अशा रात्री त्याला उचलून चार हात लांब दगडावर ठेवायचं, तोंडावर विजेऱ्या रोखायच्या, फ्लॅश मारत राहायचं, म्हणजे त्याची ती रात्र फुकट घालवायची. एकदा पोटभर मिळालं की त्याला बरेच दिवस खावं लागत नाही हे खरं, पण म्हणूनच ते एकदा मिळण्याचं मोल मोठं. शिवाय चापडा अंडी घालत नाही, मादी पिल्लांना जन्म देते. पोटात पिल्लं असलेली मादी हुकावर लटकवली जाते तेव्हा उचलणाऱ्याला ते बहुधा माहीतही नसतं.

रंगाच्या हव्यासानेही नुकसान होतं. एकाच रानात वेगवेगळ्या रंगांचे चापडे दिसतात, त्यामुळे ‘हिरवा मिळाला, आता पिवळा हवा’ असं सुरू होतं. मग झुडपं चाळली जातात आणि नेचे तुडवले जातात.

माणसालाही यात धोका आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. चापड्याचं विष त्यात नाही. त्याच्या दंशाने माणूस दगावणं दुर्मीळ असलं तरी वेदना आणि सूज भरपूर येते, रक्त गोठण्याची क्रियाही बिघडू शकते. त्यावर नेमका उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. फोटोसाठी हात पुढे करणाऱ्या पाहुण्याला हे कुणी सांगत नाही. त्याला सांगतात, “हा फार विषारी नाही.”

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला पकडणंही येतं, नुसतं मारणं नव्हे. सापाला हातही न लावता, लांबून, थोडाच वेळ उजेड टाकून पाहुण्यांना चापडा दाखवणारे वाटाडे आमच्याकडे आहेत. पण हुक चालवणाऱ्याचे फोटो छान येतात, मग पुढच्या वेळी गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं आणि सरळ काम करणारा मागे पडतो. हे मला फार लागतं.

इथे आपलं वृत्तपत्र बरंच करू शकतं. सापाचं छायाचित्र छापण्याआधी ‘प्राण्याला पकडलं किंवा हलवलं नाही’ असं छायाचित्रकाराकडून लेखी घ्यावं. पावसाळी छायाचित्र स्पर्धेच्या नियमांतही ही अट घालावी. फोटोखालच्या ओळीत ‘अमक्या धबधब्यामागच्या व्हाळात’ असा पत्ता देऊ नये, तालुक्याचं नाव पुरे. आणि फांदीआड अर्धामुर्धा दिसणाऱ्या चापड्याचा फोटो आला, तर तो कमी देखणा म्हणून बाजूला न टाकता जरूर छापावा.

वन विभागाला विनंती अशी की, रात्रीच्या फेऱ्यांना परवाना आणि माणसांची मर्यादा असावी आणि जंगलात हुक नेण्यास बंदी असावी. घरात शिरलेला साप सोडवणाऱ्या सर्पमित्राला हुक लागतो. फेरीवर आलेल्या पाहुण्यांना त्याचं काहीच काम नाही. येत्या मृगाच्या आत हे नियम होमस्टेवाल्यांपर्यंत पोचले, तर याच हंगामात ते लागू करता येतील.

आपला नम्र,
एक वाचक, आंबोली परिसर