फोनवर सांगितलं नाही ते

पावस,
28 डिसेंबर 2025

चि. राजू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. सगळी माणसं जागेवर आहेत. कागदावर लिहितेय, ताई फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिला विचार, मला नको.

वर्षभर तू फोनवर विचारलंस आणि मी "सगळं बरं आहे" म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. जहाजावरच्या माणसाला घरची वाईट बातमी द्यायची नाही, हे तुझ्या बाबांचं म्हणणं. "तो तिथून काय करणार? इंजिनरूममध्ये हात चालत असताना डोक्यात घर नको." मला पटलं, म्हणून मीही गप्प बसले. आता पंधरा दिवसांत तू येणार. आल्या आल्या एकेक गोष्ट तुझ्या डोळ्यांना खुपणार, आणि मग तू पडवीत उभा राहून सगळ्यांची उलटतपासणी घेणार. त्यापेक्षा आधीच वाच.

पहिलं बाबांचं. शिमग्याची पालखी घरी नाचून गेली आणि दुसऱ्या दिवशी तू निघालास. त्यानंतर महिनाभरानं, अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, बाबा बावीजवळच्या कलमावरून पडले. वर चढायला नेपाळी गडी होता, शिडी होती, सगळं होतं. पण शेंड्याला चार आंबे राहिलेले यांना दिसले, आणि गडी तोवर चहा प्यायला गेलेला. चौसष्टाव्या वर्षी चार आंब्यांसाठी आंबे उतरवायची जाळी, झेला, घेऊन वर! पाय घसरला, गडग्यावर हात टेकला.

मी खळ्यात कोकमांची सालं पसरत होते. बघते तर हे चालत येतायत, उजवा हात डाव्या हातात धरून, शेजाऱ्यांचं काही आणून द्यावं तसा. म्हणाले, "चहा टाक आणि रिक्षा बोलव." मनगट असं वाकडं झालेलं की माझ्याच पोटात कळ आली. आणि हे काय सांगतायत? झेल्यातला आंबा फुटला नाही. रत्नागिरीला पोचेपर्यंत मला तीनदा सांगितलं, डॉक्टरांना एकदा.

प्लेट बसवली, दीड महिना प्लास्टर. तेवढ्यात तुझे तीन-चार व्हिडिओ कॉल झाले. डाव्या हातात फोन धरून हे खांद्यापर्यंतच दिसतील असे बसायचे. तू एकदा म्हणालास, "बाबा, फोन सरळ धरा, नुसतं छप्पर दिसतंय." एक कौल फुटलंय हे मात्र तू तिकडून बरोबर हेरलंस! ते बदललं.

आता हात बराच बरा आहे. मूठ पुरती मिटत नाही आणि कोयता धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. जेवताना त्यांच्या हाताकडे बघत बसू नकोस, त्यांना ते समजतं.

दुसरं आंब्याचं. पाऊस लवकर आला एवढं मी सांगितलं होतं. कसा आला ते नाही सांगितलं. यंदा मोहोरच मागाहून आला होता, त्यामुळे मेच्या मध्यापर्यंत निम्म्याहून जास्त माल झाडावर. 20 तारखेपासून सरी सुरू झाल्या. समुद्रातलं ते कमी दाबाचं 24 मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधूनच जमिनीवर आलं, म्हणजे आपल्या डोक्यावरूनच म्हण. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्गात मान्सून आला म्हणून जाहीर झालं, 26 ला मुंबईत. तिथं एरवी तो 11 जूनला पोचतो. आजी म्हणाली, "मृग बघायचा राहिला, बेडूक कसले ओरडतायत?"

तिघे गडी भिजत भिजत उतरवत होते तो आंबा मी आणि ताई पुसत होतो. ताई सातव्या महिन्यात, पाटावर बसून. माझ्या दोन जुन्या साड्या फाडल्या त्या फडक्यांना. माजघरात आढी लावली, पण पेंढाच ओलसर, तर आंबा कसा राहणार? वीज तीन दिवस नव्हती, त्यामुळे पंखाही नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तो वास आला. आंबट, दारूसारखा. वरचा थर चांगला दिसत होता, पिवळाधमक. हात लावला की देठाकडे काळं, आणि बोट आत जायचं. बाबा प्लास्टर मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेले, "तो बाजूला काढ, हा बरा आहे, हा कापून बघ" असं सांगत होते. तासाभरानं सांगायचे थांबले. ते थांबले तेव्हा मला जास्त भीती वाटली, खरं सांगते. आम्ही नऊ घमेली खड्ड्यात नेऊन ओतली. कॅनिंगवाल्यानं भिजलेला माल उचलला नाही. गेल्या वर्षी तीनशे दहा पेट्या गेल्या होत्या, यंदा एकशे चाळीस.

विम्याचं तू विचारलं होतंस. त्याचं गंमतीचं गणित ऐक. आंब्याच्या विम्याचं संरक्षण संपतं 15 मेला आणि पाऊस लागला 20 ला. पाच दिवसांनी आमचं चुकलं, पावसाचं नाही. बाबा आता कुणी विमा म्हटलं की "15 तारीख" एवढंच म्हणतात.

आमसुलं निम्मी बुरशीनं गेली. आंब्याच्या साठाचं एकच ताट नीट वाळलं, ते तुझ्यासाठी डब्यात घालून तांदळात पुरून ठेवलंय. आजीला सापडू देऊ नकोस, तिला साखर आहे.

आता जरा चांगलं लिहिते. ताईची सुटका जुलैत झाली, पोरीचे फोटो तू पाहिलेस. माहीत नाही ते असं, की कळा सुरू झाल्या रात्री दोनला आणि बाहेर धो धो पाऊस. रिक्षावाल्याचा फोन लागेना. शेवटी खालच्या वाडीतल्या टेम्पोवाल्याला उठवलं. टेम्पोत मे महिन्यातला पेंढा तसाच पडलेला. त्यावर गादी टाकली, वर ताडपत्री होतीच, आणि आपली ताई हापूसची पेटी जाते तशी पेंढ्यावरून रत्नागिरीला गेली. वाटेत अकेशिया आडवा पडलेला. टेम्पोवाला आणि बाबा उतरले, बाबांचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, तरी फांद्या ओढायला पुढे. मी आतून ओरडतेय, ताई ओरडतेय, कुणाचं कोण ऐकतंय! सकाळी सहा-दहाला पोरगी झाली, पावणेतीन किलो. दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली तर माझ्याच बाहीला चिकटलेली पेंढ्याची काडी तिच्या गालाला लागली. डोळे न उघडता तोंड वाकडं केलं तिनं, अगदी बाबांसारखं.

गणपतीला, 27 ऑगस्टला, जावईबापू डोंबिवलीहून गाडी घेऊन आले. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि चहा गाळेपर्यंत संपतं, म्हणून रस्त्यानं. चौदा तास लागले. माणगावलाच अडीच तास एका जागी. तो मुंबई-गोवा रस्ता 2011 पासून होतोय, पोरगी कॉलेजला जाईपर्यंत होईल म्हणतात. पण आले ते बरं झालं. यंदा गौरी 31 ला, म्हणून गणपती सात दिवस राहिले. रोज आरतीला वीस-बावीस माणसं. पखवाज तुझ्या जागी काकांच्या धाकट्यानं घेतला होता. त्याचा ताल असा पळतो की आरती म्हणणारे मागे राहतात आणि तो पुढे जाऊन आमची वाट बघत बसतो. बाबा दोन दिवस सोसले, तिसऱ्या दिवशी टाळ आपटून म्हणाले, "पुढच्या वर्षी राजू." पाचव्या दिवशी उकडीचे मोदक चाळणीतच फुटले, सारण खाली पाण्यात, गोड पाणी झालं नुसतं. आजीनं ते पाणीही प्यायलं.

भाताचं थोडक्यात. ऑक्टोबरच्या शेवटी कापणीला आलेलं पीक पावसात आडवं झालं. कापलं होतं त्याला खाचरातच मोड आले. घरच्यापुरते तांदूळ झालेत, विकायला नाहीत. पेंढाही काळा पडलाय, तो आता आंब्याला चालणार नाही, विकत घ्यावा लागेल.

आजीला एक नवं वेड लागलंय, क्रिकेट. बायकांच्या वर्ल्डकपच्या आधी तिला चेंडू कोण टाकतं हेही ठाऊक नव्हतं. सांगलीची स्मृती मानधना खेळते म्हटल्यावर "आपलीच की पोर" म्हणून बसली ती उठेना. 2 नोव्हेंबरची फायनल पावसानं उशिरा सुरू झाली. मी दहाला पडले. मध्यरात्रीच्या सुमाराला आजीची हाक. धावत गेले, म्हटलं काय झालं. तर हरमनप्रीतनं शेवटचा कॅच मागे पळत जाऊन घेतलेला, आणि आजी टीव्हीसमोर उभी, काठीशिवाय. "एवढं मागे पळून घेतला गो!" असं मला चार वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाय धरले म्हणून तेल लावायला मीच.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. मागच्या वर्षी दिवाळीत तू म्हणालास की खालची बाग करारानं द्या, आणि बाबा ताटावरून उठले होते. आठवतंय ना? तर ती बाग दिली. मीही बोलले नव्हते, कुणीच बोललं नव्हतं. भाताचं आवरल्यावर एक दिवस त्यांनी स्वतःच फोन करून माणूस बोलावला. स्टॅम्पपेपर झाला. अडुसष्ट कलमं, तीन वर्षं, निम्मे पैसे आधी, निम्मे हंगामानंतर. फवारणी, खत, राखण सगळं त्याचं. घराभोवतीची चौदा कलमं ठेवली. सही करायला वेळ लागला, मनगटामुळं. समोरच्याला वाटलं विचार बदलतायत, तो बिचारा पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसला.

रोज सकाळी बाबा अजून खाली जातात. गडग्याच्या अलीकडे उभे राहतात, आत जात नाहीत. काल येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "दुसऱ्या फवारणीला उशीर करतोय." मी म्हटलं, सांगा त्याला. म्हणाले, "मी कोण सांगणार?" आणि आंघोळीला गेले. थोड्या वेळानं मोरीतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. त्यालाच सांगत होते.

तेव्हा राजू, "मी सांगतच होतो" हे वाक्य घरात बोलायचं नाही. मनात आलं तर बावीवर जाऊन बोल. थंडी चांगली पडलीय, दारच्या कलमाला मोहोर दिसायला लागलाय. आल्या आल्या त्याचं काहीतरी विचार त्यांना, तुला कळत असलं तरी विचार.

एक राहिलं. ते मी शेवटी ठेवलं, कारण तीनदा तू विचारलंस आणि तीनदा मी "झोपलाय" म्हटलं. मोत्या नाही. नोव्हेंबरात बिबट्यानं नेला, पहाटे, पडवीतून. भुंकल्याचा आवाज एकदाच आला. आम्ही बॅटरी घेऊन बाहेर येईतो नुसती साखळी. वनखात्याचा माणूस येऊन पायाचे ठसे बघून गेला. आता संध्याकाळी सातनंतर आम्ही खळ्यातला दिवा चालू ठेवतो आणि दाराला आतून आडणा. आजीला सांगितलंय की मोत्या खालच्या वाडीत राखणीला दिलाय. तिच्यापुरतं ते तसंच राहू दे. फाटकातून आत येताना तू शीळ घालतोस ती यंदा घालू नकोस. ती ऐकून आजी बाहेर येते.

मुंबईला उतरलास की ताईकडे एक रात्र राहा, भाचीला घे, सकाळच्या जनशताब्दीनं ये. ताईकडे आजीच्या गोळ्या दिल्यात, त्या विसरू नकोस. स्टेशनावर बाबा येतील. गाडी तेच चालवणार आहेत, डॉक्टरांनी हो म्हटलंय. तू चावी मागशील, ते देणार नाहीत, आणि पावस येईपर्यंत तुम्ही दोघं त्यावरूनच वाद घालाल. आमटी गरम ठेवते.

तुझी,
आई